ह्यांच्या मशीनची मेमरी

बर दुबई, गुरुवार, ७ मार्च २००२

हे वर्कस्टेशन नवं घेतलं तेव्हा अब्रातून, म्हणजे इथल्या होडीतून, खाडी ओलांडताना त्याचं खोकं ह्यांनी आणि मी मांडीवर धरलं होतं. पाणी उडू नये म्हणून वर माझा पदर.

आज निखिलने न विचारता ते उघडलं. मेमरी काढून स्वतःच्या गेमच्या मशीनमध्ये घालायला गेला. बसलीच नाही.

"डिफरंट टाइप, मॉम. डॅडचा सर्व्हर प्रोसेसर एनीवे स्लो आहे. माइन इज फास्टर."

गेममध्ये असेलही. पण पुलांची गणितं रात्रभर करताना ह्यांचा कधी अडकला नाही. ती मेमरी स्वतःची चूक स्वतः पकडायची. निखिलचा तासाभरात तापतो. बाप जाऊन वर्ष नाही झालं, आणि सुटे भाग काढायचे?

मेमरी उद्या परत बसवून घेईन. वर्कस्टेशन खोर फक्कानला कासिमभाईंना, ह्यांच्या जुन्या ड्राफ्ट्समनना, देईन. ह्यांचं घड्याळ मी निखिलला देणार होते. तेही आता कासिमभाईंनाच.