सिलिंगवरची डाळ

शुक्रवार, संध्याकाळ

ज्याला त्याला एकच येतं, घाबरायचं नाही. वीट आलाय ऐकून. कुकर यांच्या तोंडासमोर फुटला होता का? सिलिंगवर डाळ अजून तशीच चिकटलीय, आता तर मुंग्या लागल्यात. वर बघितलं की शिसारी येते.

ह्यांनी नवीन कुकर आणला आणि लगेच माळ्यावर टाकला. म्हणे, "तुझं थरथरणं बघवत नाही, बाहेरचा डबाच बरा." त्या डब्यातल्या आमटीवर बोटभर तेल. शी.

आज शेजारच्या सुमनकडे गेले. म्हटलं, तू कुकर लाव, मी इथेच बसते. पहिल्या शिट्टीला पाय दाराकडे वळले. ती म्हणते, "पळ की, कोण धरतंय तुला." नाही पळाले. घामाने ब्लाउज भिजला, माझीच मला किळस आली. पण बसले. भीती काही गेली नाही, मेली शेवटपर्यंत मांडीला मांडी लावून बसली होती. बसू दे. ती असतानाही डाळ शिजते, एवढं तरी कळलं.

घरी येऊन ह्यांना सरळ विचारलं. कुकर तुम्ही खाली काढताय, की मी शिडी लावू? आणि सिलिंगवरची डाळ कोण खरवडणार? रविवारपर्यंत उत्तर पाहिजे.