नारळी पुनवेआधीचा फॉर्म

तीर्थरूप काळूराममामांस,

रेवदंड्याहून तुमचा भाचा विनेश याचा वाकून नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे दोन दिवस भेटेल त्याला वाकूनच नमस्कार चालला आहे. शिपायालासुद्धा झाला.) इकडे आई, दादा, वहिनी सगळी बरी आहेत. मासेमारीवरची बंदी उठायला चार दिवस आहेत. आपली होरी अजून किनाऱ्यावर ताडपत्रीखाली आहे, दादा जाळ्याची भोकं शिवतोय आणि आई दिवसातून तीनदा समुद्राकडे बघून सरकारला शिव्या देते. तुमच्या गुडघ्याचं काय? न्हावा शेव्याला नोकरी होती तोवर तीस वर्षं गुडघा एक शब्द बोलला नाही आणि घरी बसल्यावर बोलायला लागला, हे आईला अजिबात पटलेलं नाही. उद्या ती उरणला येतेच आहे, तेव्हा ती स्वतःच गुडघ्याशी बोलेल. तिच्या पिशवीत सोडे आहेत, सुका जवळा आहे आणि सगळ्यात खाली हे पत्र आहे. पत्राला वास येईल, त्याला माझा इलाज नाही.

फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही "बोल" म्हणता, आणि "बोल" म्हटलं की माझी वाचा बसते. मामा, मला फार भीती वाटते आहे. ही गोष्ट नवी नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. कोळ्याच्या घरात जन्मून पाण्याला भिणारा आख्ख्या कोळीवाड्यात मी एकटाच. कुत्र्याला भितो, इंजेक्शनला भितो, ऑडिटला भितो, लग्नाच्या मांडवात भटजी माझ्याकडे बघून काही विचारतील म्हणून भ्यालो होतो (लग्न दादाचं होतं). पण या वेळची भीती वेगळी आहे. ही रात्री झोपू देते, आणि सकाळी जाग आल्याबरोबर समोर उभी राहते.

झालं असं. गेली नऊ वर्षं मी आमच्या कॉलेजात तीन नंबरच्या खिडकीत बसतो. बोनाफाईड, दाखले, एसटीचा पास, शिष्यवृत्ती हे माझं राज्य. आता खिडकीत पोरं नुसता कागद मागत नाहीत. कुणी सांगतं बाप पितो, कुणी सांगतं अभ्यास डोक्यात शिरत नाही, कुणी नुसतंच उभं राहतं. मला कुणालाही "चल, पुढे हो" म्हणायची भीती वाटते, म्हणून मी ऐकत बसतो, आणि रांग जिन्यापर्यंत जाते. हे आमच्या प्राचार्या नेत्राबाई यांनी पाहिलं आणि त्यांचा असा ग्रह झाला की माझ्यात गुण आहेत. त्यांनी विद्यार्थी कल्याण कक्ष उघडला (म्हणजे जुने पेपर आणि मोडका कॅरम ठेवायची खोली), दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि मला म्हणाल्या, खुर्ची तुमची, पण त्यासाठी शिकून या. कॉलेजातल्या पोरांचं ऐकायचं कसं, धीर कसा द्यायचा, वाट कशी दाखवायची, याचं पदव्युत्तर शिक्षण असतं म्हणे. आईला सांगितलं तर ती सुरमई कापता कापता थांबली. "ऐकायला पन कालेज लागतं?" म्हणाली आणि परत कापायला लागली.

हे गेल्या वर्षीचं. मुंबईतल्या एका संस्थेचा फॉर्म मी तेव्हा पूर्ण भरला होता. फोटो चढवला, सही चढवली, फक्त शेवटचं हिरवं बटण दाबायचं बाकी ठेवलं. एकतीस जुलैला फॉर्म बंद होणार होता आणि नारळी पुनव होती पुढच्या आठवड्यात. आपल्याकडे दर्याला नारळ दिल्याशिवाय होरी पाण्यात लोटत नाहीत, नवं काही सुरू करत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगायचं. मी नेत्राबाईंना सांगितलं, बाई, आमच्या घरची रीत आहे, आई ऐकायची नाही. बाई वाड्यावरच्या रीतीला मान देणाऱ्या, बरं म्हणाल्या. मग नारळ पडला, मी मिरवणुकीत नाचलो, नारळीभात खाल्ला, घरी येऊन हात पुसून बटण दाबायला गेलो तर तिथे बटणच नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं, मामा, की मी आणखी एक वाटी नारळीभात खाल्ला.

यंदा बाईंनी शेवटचं सांगितलं. शिकत असाल तर खुर्ची तुमची, नाहीतर बाहेरचं शिकलेलं माणूस आणते, तुम्ही खिडकीत जा. (खिडकी! एरवी मी तर आनंदाने उडीच मारली असती.) दोन वाटा आहेत. एक अभ्यासक्रम घरबसल्याचा. पुस्तकं टपालाने येतात, वर्षातून एकदा परीक्षा, कुणाचं तोंड बघायला नको. दुसरा तो मुंबईचा, दोन वर्षांचा, दर शनिवार-रविवार, आणि त्यात तीनशे तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर बसायचं. समोर रडणारं पोर, मागे काच. काच अशी की पलीकडून शिकवणाऱ्या बाई आपल्याला बघतात आणि आपल्याला बाई दिसत नाहीत. तीनशे तास! मी माझ्या स्वतःच्या आईसमोर सलग तीन तास बसलेलो नाही.

तरी चौकशी करावी म्हणून मे महिन्यात गेलो. रस्त्याने चार तास म्हणून मनाचा धडा करून मांडव्याहून बोटीत बसलो. बसल्या बसल्या सीटखालचं जॅकेट काढून घातलं आणि बंद आवळले. वरच्या डेकवर अडीचशे माणसं वेफर्स खात होती आणि जॅकेट घातलेला मी एकटा. शेजारच्या गुजराती आजींनी माझ्या हातात आवळासुपारी ठेवली आणि विचारलं, भाई, पहिल्यांदा समुद्र बघता का? मी हो म्हणालो. काय करणार, मामा? आणि नेमका त्याच बोटीवर आपल्या वाड्यातला रितेश खलाशी. तो काही बोलला नाही, नुसता फोटो काढला. संध्याकाळी मी परत यायच्या आत तो फोटो कोळीवाड्यात घरोघर पोचला होता.

संस्थेत सुचिताबाई म्हणून प्राध्यापक आहेत. साडी साधी, नजर तपासनिसाची. त्या म्हणाल्या, समजा मी तुमची विद्यार्थिनी, मला फार त्रास होतोय, माझ्याशी बोला. त्यांनी तोंड पाडलं, डोळ्यांत खरोखरचं पाणी आणलं, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते असं की, आधी पूर्ण नाव, वर्ग, रोल नंबर सांगा, दोन फोटो आणि रेशनकार्डाची झेरॉक्स जोडा. बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. फॉर्मला चार कागद जोडायचे असतात, त्यांची यादी दिली. तीन माझ्याकडे आहेत. चौथ्याचं खाली बघू.

परतताना मी ठरवून टाकलं, घरबसल्याचाच बरा. आणि विषय इथे संपला असता, पण जूनमध्ये सोनल आली.

सोनल चौलची. आईवडील सुपारीच्या वाडीत राबतात. पहिल्या वर्षाचा निकाल लागून चार दिवस झाले होते. खिडकीत आली आणि कॉलेज सोडल्याचा दाखला मागितला. मान खाली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं, बोट पांढरं पडलेलं. मला दिसत होतं, मामा. काहीतरी झालंय हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. अर्जात कारणाचा रकाना कोरा होता. मी म्हटलं, कारण? ती म्हणाली, तुम्हीच लिहा ना सर. आता एक शब्द जास्त विचारला तर ही रडेल, ही रडली तर मी काय करायचं, मागे अकरा जण उभे, या भीतीने मी "घरगुती कारणास्तव" असं लिहिलं, शिक्का मारला आणि दहा मिनिटांत दाखला हातात दिला. एरवी आमच्याकडे तीन दिवस लागतात. इतक्या झटपट काम केल्याबद्दल पुढच्या पोराने माझं कौतुकही केलं.

आठवड्याने निकालाचे कागद लावताना कळलं, पोरगी फक्त दोन विषयांत गेली होती. दोन! एटीकेटीवर दुसऱ्या वर्षाला बसता येतं, नापास विषय मागाहून सोडवता येतात. दर वर्षी पन्नास पोरं बसतात. तो नियम माझ्या खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने चिकटवलेला आहे, माझ्या सोयीसाठी. एक वाक्य होतं, मामा. तिला ते ठाऊक नव्हतं आणि मला पाठ होतं.

तिचा फोन बंद. मी तीन आठवडे मनात नाही नाही ते आणलं. रोज पेपरात आधी आतली पानं बघायचो. शेवटी परवाच्या रविवारी चौलला गेलो. (वाडीत कुत्री दोन. तरी गेलो.) सोनल पडवीत बसून सुपारी सोलत होती. जिवंत, धडधाकट. मला इतकं बरं वाटलं की मी आधी पायरीवरच बसलो. तिने नापास झाल्याचं घरी सांगितलंच नव्हतं, शिकण्यात मन नाही म्हणून सांगितलं होतं. आता श्रावणानंतर पनवेलच्या एका गोदामात लेबलं चिकटवायला जाणार होती. मी एटीकेटीचा नियम धडाधडा म्हणून दाखवला. तिने हातातली सुपारी सोलून टोपलीत टाकली. मग म्हणाली, "सर, मला वाटलेलं तुम्ही इचाराल. म्हणून तर रकाना कोरा ठेवलेला."

मी काय केलं असेल? उठलो, घड्याळात बघितलं, एसटी चुकेल म्हणालो आणि निघालो. तिच्या आईने हातात केळ्यांचा फणा दिला, तोसुद्धा घेतला. एसटीला अजून दीड तास होता.

नेत्राबाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी तिचा पुन्हा प्रवेशाचा अर्ज विद्यापीठाला पाठवलाय. घेतील की नाही, माहीत नाही. मग मी घरी येऊन दोन्ही फॉर्म उघडून बसलो आणि जुन्या सवयीने आईला म्हणालो, यंदा नारळी पुनव ऑगस्टच्या शेवटाला आहे, त्याआधी काही सुरू करायचं नाही, म्हणजे यंदाही राहिलंच. आईने विचारलं, यंदाही म्हणजे? मी सांगितलं, गेल्या वर्षी तुझ्या नारळासाठीच थांबलो होतो. ती पाटावरून उठली. मला वाटलं मारतेय. "आरं मुडद्या," ती म्हणाली, "नारल दर्याला होरीसाठी देतान. तू काय होरी हाईस?" मग पुढे म्हणाली, "माझं नाव सांगून भितोस ते भी, पन देवाचं नाव सांगून भिऊ नको." चौलची केळी सगळी वाड्यात वाटली, मला एकही खाववलं नाही.

तर फॉर्म शुक्रवारी बंद होतोय. घरबसल्याचा भरला तर पदवी मिळेल, खुर्चीही मिळेल, आणि त्या खुर्चीत बसून मी पुढच्या सोनलकडूनही रेशनकार्डाची झेरॉक्स मागेन. मुंबईचा भरला तर तीनशे तास. दोन्हींची भीती वाटते. कुठली मोठी, हे मला अजून मोजता येत नाही. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. गुडघ्याला तेल लावत चला.

तुमचा,
विनेश

ता. क. आई हे पत्र वाचणार नाही, तिचा चष्मा दादाने जाळ्यात गुंडाळून ठेवलाय. तुम्हीही तिला वाचून दाखवू नका. बोटीतला फोटो मात्र तिच्याकडे आहे, ती दाखवेलच.

ता. क. २. चौथा कागद राहिला. मुंबईच्या फॉर्मला एक पत्र जोडायचं असतं. अर्जदार ज्याच्या पडत्या काळात त्याच्याजवळ बसला होता, अशा एका माणसाने लिहिलेलं. मी दोन दिवस विचार केला. माझ्या ओळखीत असा एकच माणूस निघाला. मामी गेल्या तेव्हा आईने मला तुमच्याकडे पाठवलं होतं, मी एकोणीस वर्षांचा होतो. तेरा दिवस आपण ओट्यावर बसून रस्त्यावरचे कंटेनरचे ट्रेलर बघितले. मी एक शब्द बोललो नाही. लोकांना वाटलं, पोरगा मोठा समजूतदार. खरं म्हणजे मी तुम्हाला काहीच विचारलं नाही, कारण मला भीती वाटत होती, तुम्ही सांगाल म्हणून.

ता. क. ३. तेव्हा माझ्या बसण्याचा तुम्हाला काही उपयोग झाला का, तेवढं लिहा. भाचा आहे म्हणून लिहू नका. झाला नसेल तर कागद कोरा पाठवा, पण पाठवा. आई गुरुवारी परत निघेल. आणि मामीबद्दल जे त्या वेळी सांगायचं राहिलं असेल, तेही लिहा. तो कागद फॉर्मला जोडणार नाही. मी वाचीन.