मिठाच्या नळीतला पारा

देवास, भाद्रपद, बुधवार संध्याकाळ

आज फार थकवा आलाय. सूनबाई हवेतल्या पाऱ्याची रूपं मोजते. यंदा ऑफिसच्या गच्चीवर मिठाचा लेप दिलेल्या नळीशेजारी तिने नायलॉनचा फिल्टरही लावला. त्यात चटकन चिकटणारा पारा नळीपेक्षा बराच जास्त निघाला.

"बाबा, दमट हवेत मीठ धरलेला पारा सोडून देतं. रिपोर्टात दिलेले माझे आधीचे आकडे कमीच आले!"

"मग साहेबांना सांग."

"सांगितलं. म्हणाले, 'रहने दो मॅडम, रिपोर्ट तो पास हो गई.'"

मीठच ते! पावसाळ्यात बरणीतही त्याला पाणी सुटतंच की. शाळेत वाऱ्याच्या कविता तालावर म्हणायचो. त्या वाऱ्यात पारा असेल असं कुठे वाटलं होतं?

नोकरी जाईल का तिची? रिपोर्ट मागे घ्यायचं पत्र तिने आत्ताच पाठवलं. मी नुसतं तिचं ताट वाढलं.