फोन कोरा करून ये

३ फेब्रुवारी, मंगळवार

व्हिसा आला! लेकाने तिकीटही काढून टाकलं. आणि मी आनंदाने काही बोलायच्या आत, श्वाससुद्धा न घेता म्हणतो कसा — "आई, येताना फोन कोरा करून ये."

"कोरा म्हणजे? पुसून?"

"पुसून नाही गं. रिकामा. घरी आणलास त्या दिवशी होता तसा."

त्या दिवशी होता तसा! त्या दिवशी हे अजून जिना उतरून खाली येत होते.

बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग एका बाहीची शिवण तीनदा उसवली.

४ फेब्रुवारी, बुधवार

काल एक गोष्ट लिहिता आली नाही, ती आज लिहिते. फोनमध्ये ह्यांचा आवाज आहे.

शेवटचं वर्ष हे वरच्या खोलीत पडून, मी खाली मशीनवर. मशीन चालू असलं की वरची हाक ऐकू येत नाही. घंटा देऊन पाहिली, तर म्हणाले, "मी काय शाळा आहे का?" मग लेकानेच तिकडून शिकवलं, बटण दाबून बोला, आईच्या फोनवर जाईल. मशीनशेजारी फोन उजळायचा. "चहा." "उशी सरकली गं." "कोण बाई आली होती, एवढं काय हसत होती?" एकदा नुसतंच, "काही नाही. मशीन बंद का झालं म्हणून विचारलं."

आता रोज सकाळी मशीनला तेल घालताना एक ऐकते. एकच. जास्त ऐकलं तर संपेल असं वाटतं. संपत नाही हे कळतं, तरी.

नाव मी कधी घेतलंच नाही, म्हणून फोनमध्येही "हे" म्हणूनच आहेत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लेकाने लांबलचक लिहून पाठवलं. मी वाचायला शिकले ते गिऱ्हाइकांच्या जुन्या मासिकांतले नमुने बघत, वय झाल्यावर. त्यामुळे अजून पेन्सिल हातात असल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. दोनदा वाचलं.

तो तिकडे परक्या देशातून आलेल्या लोकांचे अर्ज भरून देतो. सरकारला तो आवडत नाही. त्याची आई म्हणून विमानतळावर मला बाजूला घेतील, न घेतील. घेतलं तर फोन उघडायला सांगतील. नाही म्हटलं तर परत पाठवू शकतात. आणि आमच्या घरच्या ग्रुपवर तो जे फोटो टाकतो — त्याच्या टेबलावर जेवायला बसलेली माणसं — त्यांतल्या कितीकांना अजून तिथे राहायची परवानगी नाही. मी आपली "किती गोड बाळ!" लिहिते. ते बाळ माझ्या फोनमधून कुणाच्या हाती लागेल हे मनातही आलं नव्हतं.

अंगठ्याने फोन उघडणं बंद कर, म्हणतो. रांगेत उभं राहण्याआधी पूर्ण बंद कर. पासवर्ड लांब ठेव. आणि खोटं अजिबात बोलू नकोस — विचारलं तर सांग, सगळं घरी ठेवलं. "आई, जे बरोबरच नाही ते कुणी काढून घेऊ शकत नाही."

खरं आहे. पण जे बरोबर नाही ते आपल्याकडेही नसतं ना रे.

८ फेब्रुवारी, रविवार

गिऱ्हाइकांचे फोटो काढले. अर्धवट शिवलेल्या कपड्यांत आरशापुढे उभ्या राहून पाठवतात बायका — इथे घट्ट, तिथे सैल. ते पुसायला मला काहीच वाटलं नाही. माप घेणारीने माप बोलू नये, एवढं आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

समोरच्या दवाखान्यातली नर्स टेप लावून उभी होती. तिला सांगितलं. म्हणाली, "मावशी, माझी कंबर परदेशात जाऊ देऊ नका हं! इथे हसतात तेवढे पुरेत."

९ फेब्रुवारी, सोमवार

लेकाला विचारलंच. बाकी सगळं पुसते, फक्त बाबांचं ठेवू का?

म्हणाला, "ठेव ना. त्यात धोका काही नाही. फक्त — ते ऐकू शकतात, आई. दुभाषी असतात त्यांच्याकडे. कधी कधी उतरवूनही घेतात."

ऐकू देत! उशी सरकली हे ऐकून कुणाचं काय बिघडणार आहे? इतकं हलकं वाटलं की दुपारी झोपले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नियम मोडला. आज पहिल्यापासून ओळीने ऐकत बसले, शिवत शिवत. कोणी ऐकलं तर काय ऐकेल, ते बघायला.

चहा. उशी. खिडकी लाव. डॉक्टर गाढव आहे. चहा. पुस्तकातलं पान सापडेना. आणि मग ते —

"ए. चादर ओली झाली गं. तूच ये. कुणाला पाठवू नको."

हा माणूस पंपघरात नोकरीला होता. तिथल्या सोबत्यांसमोर कधी सदरा काढला नाही, उन्हाळ्यातसुद्धा. दवाखान्यात डॉक्टरलाही म्हणायचा, आधी दार लावा. आणि त्याचं हे बोलणं कुठल्या तरी खोलीत दोन परकी माणसं ऐकणार, तिसरा त्यांना अर्थ सांगणार?

कुणाला पाठवू नको म्हणाले होते. मी खाली एक बाई बसली होती तिला तशीच सोडून जिना चढले होते.

नाही नेत.

१५ फेब्रुवारी, रविवार

ग्रंथालय रविवारी बंद असतं, पण ग्रंथपाल बाईंनी माझ्यासाठी मागचं दार उघडलं. ह्यांची पुस्तकं मी त्यांच्याकडून वर नेत असे, म्हणून त्या मला वहिनी म्हणतात. लेक व्हिडिओवर सांगत होता, त्या करत होत्या, मी खुर्चीच्या कडेवर.

म्हटलं, "तुम्हाला ऐकू येईल का?"

"वहिनी, मी फक्त आकडे बघते. आवाज बंद आहे." आणि खरंच त्यांनी मला दाखवलं, बंद होता.

एक प्रत पेन ड्राइव्हवर, कुलूप घालून. ती त्यांच्या कपाटात. दुसरी तशीच कुलूपबंद इंटरनेटवर चढवायची, म्हणजे लेक तिकडे उतरवून घेईल. ती चढायला वेळ लागणार होता, ते काम त्यांच्यावर सोडलं. कुलपाला वाक्य हवं होतं, लांब, दुसऱ्या कुणाला न सुचणारं. मी ह्यांची एक शिवी घातली. पूर्ण. टाइप मीच केली; बाई दुसरीकडे बघत होत्या म्हणे, पण खांदे हलत होते.

मग फोन. शेवटचं बटण मीच दाबलं. आधी त्याने विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? आता फोनला काय सांगायचं!

सुरू झाला तेव्हा पडद्यावर एक डोंगर होता. आमच्यातलं कुणीही कधी न चढलेला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मशीनला तेल घातलं. एवढंच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पोहोचले. काल लिहायला जमलं नाही, आज लिहिते.

रांगेत उभं राहण्याआधी फोन बंद केला. काचेमागच्या माणसाने माझं आडनाव वाचलं, परत वाचलं, आणि बाजूच्या खोलीकडे बोट दाखवलं. आत जमिनीला पक्कं केलेलं टेबल, दोन खुर्च्या. एक अधिकारी बाई, केस घट्ट बांधलेले, सदऱ्याचं एक बटण लोंबकळत होतं. आणि आपल्या भाषेतला दुभाषी, आवाज मऊ, नजर टेबलावर.

फोन मागितला. मी चालू केला, पासवर्ड घातला, दिला. बाईंनी बोट फिरवलं. परत फिरवलं. डोंगर.

"नवीन आहे?"

"जुना आहे. कोरा केलाय."

"का?"

लेकाने सांगितलं होतं, खोटं बोलू नकोस. मी म्हटलं, "आत आमचे हे होते."

दुभाषी गडबडला. "हे म्हणजे काय?"

"हे म्हणजे नवरा हो!"

त्याने सांगितलं. बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. मग मी सांगितलं — वारले ते, आजारपणातलं त्यांचं बोलणं होतं, ते माझ्याशी होतं. घरी ठेवून आले. गिऱ्हाइकांची मापंही होती, तीही ठेवून आले.

"लपवण्यासारखं काय होतं त्यात?"

"लपवण्यासारखं नाही. झाकण्यासारखं. माणसाला कपडे घालतो ते काय तो चोर असतो म्हणून?"

हे बोलून गेले. आता परत पाठवतात की काय! दरवाज्यापलीकडे लेक उभा होता. त्याचे वडील गेले तेव्हा त्याचे कागद अडकलेले. देश सोडला असता तर त्याला परत आत घेतलं नसतं. तो आला नाही. मी "येऊ नकोस" म्हणाले, तो आला नाही, आणि दोघांनीही ते पुन्हा काढलं नाही. आणि आता माझ्या फटकळ जिभेमुळे —

बाई फोन घेऊन बाहेर गेल्या. बराच वेळ. दुभाषी म्हणाला, "मावशी, पाणी पिता का?" पिऊन टाकलं. जेवणाऱ्या माणसांचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

परत आल्या, फोन टेबलावर ठेवला, पासपोर्टवर शिक्का मारला. काही तरी बोलल्या. दुभाषी म्हणाला, "जा म्हणतात."

लेक वडिलांसारखा पोक काढून उभा होता. मी त्याला आधी सरळ उभं केलं, मग रडले.

२२ फेब्रुवारी, रविवार

त्याचं घर दोन खोल्यांचं. टेबल तेच, फोटोतलं. ते बाळही येऊन गेलं, मांडीवर ओलं करून गेलं. फोटो काढायला हात फोनकडे गेला आणि मीच मागे घेतला.

लेक दाढी करता करता म्हणाला, "आई, बाबांचं एखादं लाव ना. मला यायची त्यांतलं मी एकही ठेवलं नाही गं. आलं की ऐकायचो आणि पुसायचो. जागा व्हायला."

लावणार कुठून? त्यानेच मला कोरं करून आणलं होतं.

ग्रंथपाल बाईंचा निरोप — अर्धंच चढलंय, मध्येच तुटलं, पुन्हा पहिल्यापासून लावते. काळजी नको.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आवाज आठवत नाही.

शब्द आठवतात. चहा, उशी, खिडकी. पण ते माझ्याच आवाजात येतात. वर्षभर बटण दाबून ऐकायची सवय. बटण नाही तर माणूस नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडले. लेकाला म्हटलं, इथलं पाणी जड आहे, डोळे चुरचुरतात.

कशाला आले असं क्षणभर वाटलं. त्याच्या घरात बसून असं वाटावं!

१ मार्च, रविवार

लेकाने कुलपाचं वाक्य विचारलं, फाइल आली की लागेल म्हणून. सांगितलं. तो भांडी घासत होता, साबणाचे हात तसेच ठेवून हसत सुटला. "हे तर सायकल पंक्चर झाली तेव्हाचं! अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं होतं!"

जायचंच. पंपांच्या घरघरीत आयुष्य गेलेलं, ह्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. कानात सांगायला यायचे तेही शेजारी ऐकायचे. बहिणीच्या लग्नात माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नवरदेव पोपटासारखा दिसतो", आणि नवरदेवाने मान वळवली! लेकाने तसंच करून दाखवलं. मी त्याला सुधारलं, अरे, ते "पोपट" असं म्हणायचे, छातीतून. मग मी करून दाखवलं. खालच्या मजल्यावरच्याने काठीने छत ठोकलं.

किती दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

४ मार्च, बुधवार

भाजी चिरत होते. मागून स्पष्ट — "ऐकलंस का गं!" — भिंत हलवणारं. वळले. कुणी नाही, अर्थात. पण दचकून बोट कापलं, इतकं खरं.

लेकाला सांगितलं नाही. वेडी म्हणेल.

६ मार्च, शुक्रवार

सगळं आलं. एकही हरवलं नाही. लेकाने त्याच्या कॉम्प्युटरवर समोर आलं ते लावलं.

"उशी सरकली गं."

किती बारीक आवाज! मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं लागलं. लेक तोंडावर हात ठेवून ऐकत होता, त्याला हेच ऐकायचं होतं, त्याला ते मिळायलाच हवं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. वर्षभर रोज सकाळी मी ह्या आजारी माणसाला ऐकत होते, आणि त्याच्यापुढे माझ्या त्या भिंत हलवणाऱ्या नवऱ्याला तोंड उघडता येत नव्हतं.

लेकाने विचारलं, तुझ्या फोनवर परत घालू?

नको म्हटलं.