सहअर्जदार मैना

नगर,
१६ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. आत्यास,
संस्कृतीचा सा. न. वि. वि.

नोकरी तू धरलीस का नोकरीनं तुला धरलंय, असं परवा तू फोनवर विचारलंस. मी रेंज नसल्याचं सांगून फोन ठेवला. रेंज होती.

साक्षरता वर्गाच्या बाईंनी तुला पत्रं लिहायचा अभ्यास दिला, हे झकास झालं. म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. दर रविवारी येऊन तुझी जोडाक्षरं घेईन, असं मीच कबूल केलं होतं. पाच रविवार झाले, आले नाही. आमच्या कर्जाच्या कंपनीत माझ्याकडे बावीस गावं आहेत. घरोघरी जाऊन चौकशी करायची, अर्ज भरायचे. सुनील साहेब म्हणतात, असाच जोर राहिला तर एप्रिलपासून शेजारची अठरा गावंही तुझीच, मग वर्षभरात शाखेची मॅनेजर. आपल्या घरातली पहिली पदवी माझी. पहिली खुर्चीही माझीच असावी, असं मला फार वाटतं. कागद न समजता कुणाला अंगठा लावावा लागू नये म्हणून तर मी या कामात आले.

१५ मार्चच्या परीक्षेला मात्र तू बस. मी असो वा नसो.

कळावे. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
संस्कृती


घोडेगाव
२१ फेब्रुवारी

चि. सोनीस,
अ. आ.

अनेक आशीर्वाद पुरं लिवायची गरज न्हाई, अ. आ. चालतंय, असं बाई म्हनल्या. मला बरंच झालं.

तुझं नाव लिवता लिवता खोडरबर झिजलं. आधी टिंब, मग अर्धा स, मग क ला ते खालचं शेपूट. एवढं अवघड नाव ठेवनाऱ्याला मी शिव्या घातल्या. मग ध्यानात आलं, बारशाला मीच ठेवलं हुतं. आत्याचा मान! कानाला ग्वाड लागलं म्हून ठेवलं, लिवायचं कुनाला ठाव. तवर तू सोनी.

काल बाजारात माझ्या दोरखंडाच्या दुकानावर एक गिऱ्हाईक कासरा घ्यायला आलं. सोमवारी बैल जुंपत न्हाई म्हनला. मी इचारलं, बैलाला कळतंय व्हय सोमवार? तर म्हनला, बैलाला न्हाई, मालकाला कळावा म्हून पाळायचा. मला तूच आठवली. तुझा सोमवार कवा असतो?

तू शेजारी बसून शिकवलं तरच परीक्षेला बसंन. न्हाईतर अंगठा हाय माझा. ही धमकी समज.

येळेवर जेवत जा.
तुझी आत्या,
मालन
(सही माझीच हाय.)


नगर,
२८ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

धमकी पोचली. आज मात्र तुला एक गंमत सांगायची आहे, आणि सांगताना मला लाज वाटते आहे.

मागच्या आठवड्यात मी एका दिवसात अकरा घरं केली. छगनभाऊ म्हणून एक आहेत, त्यांना गोठ्यासाठी कर्ज हवं होतं. घर कुणाच्या जिवावर चालतं, असं मी विचारलं. सगळं मैनाच्या जिवावर, असं ते म्हणाले. मी सहअर्जदाराच्या रकान्यात मैनाचं नाव घातलं, नात्यात पत्नी लिहिलं आणि निघाले.

काल मुख्य ऑफिसातून फाईल परत आली. सहअर्जदाराचा फोटो आणि सही नाही. मी छगनभाऊंना फोन केला. तासाभरात मोबाईलवर फोटो आला. शिंगांना लाल गोंडे बांधलेली काळीभोर म्हैस! सहीचं काही जमायचं नाही, खूर उमटवून चालेल का, असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. वर, मंडळींना जाऊन सहा वर्षं झाली, हेही सांगितलं.

ऑफिस हसून लोटपोट झालं. माझ्याबरोबर काम करणारे परवेझभाई तर मला मैनाताईंची ख्यालीखुशाली विचारतात. मीही हसले. पण आत्या, गोठा दहा पावलांवर होता. मी स्कुटीवरून उतरलेच नव्हते.

आणि गंमत म्हणजे, आजच साहेबांनी अठरा गावांचा कागद पुढे केला. सोमवारपर्यंत विचार करते म्हटलं.

आशीर्वादाची जरा जास्त गरज आहे.
तुझी,
संस्कृती


घोडेगाव
४ मार्च

चि. सोनीस,
अ. आ. (ह्या टायमाला डबल.)

तुझं पत्र वर्गात मोठ्यानं वाचलं. बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. बाई म्हनल्या, मालनबाई, आज कुठंच अडखळला न्हाई.

मग घरी आले अन ते दहा पावलांचं परत वाचलं. तू हुशार हायेस. मोठी खुर्ची घे, मला मिरवायची हाय. पर लोकांच्या ओट्यावर बसाया येळ नसंल तर खुर्चीत बसून तरी काय करशील?

ह्या रविवारी दोन भाकरी जादा टाकनार हाय. परीक्षेआधी हा येकच रविवार उरलाय. तू न्हाई आलीस तर माझं नाव काढून घेनार. बाईंना सांगून ठेवलंय.

तुझी आत्या,
मालन


घोडेगाव,
८ मार्च २०२६, रविवार

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

वर गावाचं नाव चुकलेलं नाही.

सोमवारचा विचार शुक्रवारपर्यंत लांबला. शुक्रवारी साहेबांना लेखी दिलं: अठरा गावं या वर्षी नकोत, ती परवेझभाईंना द्यावीत, ते कधीचे मागताहेत. माझ्या बावीस गावांत मी दिवसाला पाचच घरं करीन, पण प्रत्येक घरात बसून. रविवारी ऑफिसचा मोबाईल बंद. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग मॅनेजरची गोष्ट एक वर्ष पुढे जाईल, असं बजावलं. जाऊ दे म्हटलं, पण पुढच्या वर्षी मी सोडणार नाही. शेवटी त्यांनी कारण विचारलं. परीक्षा जवळ आली आहे, असं मी सांगितलं. पुढचं शिक्षण घेतेस का, असं त्यांनी कौतुकानं विचारलं. माझी नाही, आत्याची, म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि हसत सही केली.

पाकिटावर तिकीट नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. सकाळच्या एसटीनं आले आणि तुझ्याच ओट्यावर बसून हे लिहिते आहे. आता दाराच्या फटीतून आत सरकवते. हाक मारणार नाही. एकेक अक्षर लावत वाच, अडलं तर परत वाच. मला आज कुठंही जायचं नाही.

दारातली,
संस्कृती