ट्रायलसाठी घेतलेला पाट

८ जून १९९७, रविवार. रोहा.
समीक्षा हमरापूरला माहेरी गेली. भावाच्या, म्हणजे कमळाकरच्या गणपती कारखान्यात रंगकामाला दरवर्षी जातेच. यंदा जरा लवकर. शिलाई मशीनही नेलं. रंगकामात मधे मधे वेळ मिळत असावा.

जाताना म्हणाली, दरवर्षी आपला पाट मी नेते, यंदा तुम्ही घेऊन या. तुम्ही स्वतः आणलात तर आपला गणपती रंगवून त्याच्याबरोबर मी घरी येईन. नाय आणलात तर येणार नाय, काय ते समजेन.

पाट पोचवायचा, त्यावर मूर्ती बसवून मिळते. हे काय माझ्यासारख्या टर्नरचं काम आहे? पोचवू केव्हाही.

१० जून
समीक्षा तिकडे इतकी अडकते का, याचा विचार केला. कारण सापडलं. मूर्ती रंगवताना एका हाताने पाट धरून फिरवायचा, दुसऱ्या हातात ब्रश. अर्धा माणूस नुसता धरण्यात वाया. पाटाला चार बाजूंनी पकडून फिरवणारं यंत्र केलं की काम लवकर उरकेल आणि ती लवकर येईल. धाटावच्या कारखान्यात लेथवर जन्म गेला, लोखंड पकडतो, गणपती काय चीज आहे?

संकल्प: शिफ्ट सुटली की थेट घरी. नाक्यावरच्या गप्पा बंद. बिडी बंद.

११ जून
नाक्यावर फोरमन हैबतराव भेटले. बिडी त्यांनीच पुढे केली. वरिष्ठांना नाही म्हणणं बरं दिसत नाही. संकल्प उद्यापासून.

२२ जून
हैबतरावांना ड्रॉइंग दाखवलं. ते म्हणाले, दत्तात्रेय, आधी बायकोला आण, मग यंत्र कर. त्यांना क्रमच कळलेला नाही.

वर माझ्या जुन्या यंत्राचा, नारळ-पकडीचा, विषय काढून हसले. त्या पकडीत दोष नव्हता. नारळ तिने इतका घट्ट धरला की सुटेना, एवढंच. शेवटी पकडीसकट फोडावा लागला. समीक्षा तेव्हा हसली होती. त्याआधीच्या एका यंत्राला हसली नव्हती. ते ओट्यावर बसवल्याने तिची पोळपाटाची जागा गेली होती.

६ जुलै, रविवार
सांगाडा तयार. स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवला. तिथे सध्या कुणाचं काम नसतं. मी खानावळीत जेवतो. घर एकदम शांत आहे. कामाला बरं.

ट्रायलला जॉब, म्हणजे पकडीत धरायला काहीतरी, हवा, म्हणून माळ्यावरून आमचा गणपतीचा पाट काढला. आजोबांच्या वेळचा शिसवी पाट, वजनदार. याच मापावर पकडीचे जॉ, म्हणजे जबडे, पक्के केले. पाट म्हणजे पाट. साइज स्टँडर्डच असणार.

१३ जुलै
शेजारच्यांच्या फोनवर कमळाकर. म्हणाला, भावोजी, ताई इचारते, पाट कधी आणताव? गावातल्यांचे सगल्यांचे आले. मी म्हटलं, पाटाचं काय घेऊन बसलास, त्याहून मोठी वस्तू आणतोय. त्याने फोन ठेवला. छाप पडली.

२७ जुलै, रविवार
पाट सरकतो. जॉला दाते पाडले. दात्यांच्या खुणा पाटाच्या चारी कडांना उमटल्या, तरी सरकतोच. मग मधोमध ड्रिल मारलं आणि आरपार बोल्ट टाकला. आता हलत नाही.

भोकाकडे थोडा वेळ बघत बसलो. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं बहुतेक. भोक मात्र बरोबर सेंटरला आहे.

२४ ऑगस्ट, रविवार
डेमो. पाट सांगाड्यातच अडकलेला, बोल्ट गंजून बसलाय. म्हणून तो भाग घरी ठेवला, वरची पकड वेगळी काढून पोत्यात घातली आणि एसटीने हमरापूरला नेली. कंडक्टरने पोत्याचं तिकीट घेतलं. शोधकाला हे चालायचंच.

कमळाकरने एकेक पाट आणून दिला. एक लहान, एक लांबट, एकाला पाय, एकाचे कोपरे गोल. एकही बसेना. सासूबाई, ठमाबाई, म्हणाल्या, घराघराचा पाट येगला असतो, ह्ये तुमाला ठाव नाय व्हय? त्यांना स्टँडर्डायझेशन कळणं कठीण.

समीक्षा ब्रश हातात घेऊन बाहेर आली. पोत्यात बघितलं, माझ्या मागे बघितलं. विचारलं, पाट कुठे हाय? मी सांगितलं, ट्रायलला घेतला, बोल्टने पक्का केलाय. तिने विचारलं, भोक पाडलंत? मी म्हटलं, अगदी सेंटरला. ती आत गेली. परत बाहेर आली नाही. सीझनची घाई असते.

कोपऱ्यात एक लहानशी मूर्ती फडक्याखाली होती. सगळी रंगवलेली, डोळे तेवढे बाकी. कमळाकर म्हणाला, ह्यो तुमचा. पाट आला की डोळे काढीन, अशी ताई बोलते.

३१ ऑगस्ट, रविवार
संकल्प: पाट सोडवणे, भोक बुजवणे, नेऊन देणे. बोल्ट निघत नाही. तेल घातलं, ठोकलं. माझं काम पक्कं असतं. उद्या बघू.

४ सप्टेंबर
आजही नाही निघाला. हैबतरावांना बोलावलं. त्यांनी हॅकसॉने कापला. जाताना बिडी पुढे केली नाही. भुसा आणि सरस भरून भोक बुजवलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार
हाफ डे टाकून हमरापूर. पाट मांडीवर. पावसाची झड खिडकीतून आत येत होती. पेणच्या स्टँडवर बघितलं तर सरस ओला होऊन भुसा गळून गेलेला.

कारखाना जवळजवळ रिकामा. कोपऱ्यात नुसतं फडकं, घडी घातलेलं. कमळाकर खाली बघत म्हणाला, वडखळच्या एकाची मूर्ती वाटेत फुटली, सकाळी रडत आला. ताईने सोता डोळे काढले आनि त्याच्या पाटावर बसवून दिली.

समीक्षा शिलाई मशीनवर होती. उठली. पाट हातात घेतला, कडांवरून हात फिरवला, भोकात बोट घालून बघितलं आणि मला परत दिला. म्हणाली, निघा आता, शेवटची गाडी चुकेल तुमची.

मी तिला चल म्हटलं नाही. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की कधीच म्हटलं नव्हतं.

६ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
शेजारी आरती चालू आहे. मला बोलावून गेले. जाऊन काय सांगू?

रडू येईल म्हणून जरा थांबलो. आलं नाही.

पकड परत सांगाड्यावर चढवली. त्यात आमचा पाट लावून बघितला. बोल्टशिवायच घट्ट बसला. पावसाने फुगला असावा. फिरवला, चांगला फिरतो. जरासुद्धा हलत नाही.

यंत्र यशस्वी.