मान डावीकडे जाते त्याची हकिकत

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (मान डावीकडे वळलेली आहे, तेव्हा नमस्कार शेजारणीला पोचला असेल तर मागून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? बरा असेल. नसला तरी माझ्याइतकं वाईट नसेल.

सहा महिने झाले, माझी मान आपली आपण डावीकडे फिरते. डॉक्टर म्हणाला, मेंदू मानेला चुकीचा हुकूम देतो. मी म्हटलं, घरात माझा हुकूम कुणी ऐकत नाही, ही बरी ऐकायला लागली! तो हसला नाही, मानेत सुई टोचली. दर तीन महिन्यांनी टोचायची, आणि रोज आरशासमोर व्यायाम. व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणते, "काकू, मान सैल सोडा." अगं, सैल सुटली म्हणूनच आले ना तुझ्याकडे!

आता कारखान्यातलं ऐक. मी शर्टांच्या कॉलरी शिवते (म्हणजे सगळ्यांच्या माना ताठ, माझी सोडून). डाव्या हाताला इस्त्रीवाला. दिवसभर मान त्याच्याकडे. चौथ्या दिवशी मेला तेल लावून, भांग पाडून आला. त्याला झापायला त्याच्यासमोर उभी राहिले, तर ऐन शिवीच्या वेळी मान पलीकडे वळली. तो म्हणतो, "एवढं लाजायला काय झालं?" सगळा हॉल हसला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको फाटकावर येऊन मला बघून गेली. मला बघून तिचा जीव भांड्यात पडला, तेच जास्त लागलं.

हनुवटीला बोट लावलं की मान सरळ होते. खरंच. पण एक हात हनुवटीला आणि एका हाताने शिवलेली कॉलर बघशील, तर शर्ट घालणाऱ्यालाही माझाच आजार झालाय असं वाटेल. सुपरवायझर बाई म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत दोन्ही हात मशीनवर दिसले पाहिजेत, नाहीतर दोरे कापायला बस." बावीस वर्षं मशीन चालवली ताई, आता दोरे कापू?

परवा त्या व्यायामवाल्या पोरीने मला भिंतीला डोकं टेकवून बसवलं. मान जागेवर, दोन्ही हात मोकळे! मी तिथेच रडले (आरशात दिसलं, म्हणून कळलं). कारखान्यात नुसती स्टुलं आहेत. बाई म्हणते, खुर्ची हवी तर तुझी तू आण.

बाकी सगळं ठीक.

तुझी धाकटी

ता.क. आईची उंच पाठीची खुर्ची तू नेलीस, ती पाठव. आई खुर्चीतून उठायची नाही म्हणून आपण तिला महाराणी म्हणायचो. डोकं मागे टेकवून भाजी निवडायची, उठली की हात गालाला. आठवतं? आपण म्हणायचो, नाटकं करते.

आणखी एक. तू खुर्ची टेम्पोत चढवलीस तेव्हा मी तोंड फिरवलं होतं. आता आजारावर ढकलता आलं असतं, पण तेव्हा मान धडधाकट होती. या वेळी तू स्वतः आलीस तर दारात माझ्या डाव्या अंगाला उभी राहा. तोंड फिरवलं तरी तुझ्याकडेच फिरेल.